पहिली २०० किलोमीटरची बीआरएम: वेगापेक्षा थांबे सांभाळा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, पुण्यात शिक्षिका, जुनी हायब्रिड सायकल. रविवारी खडकवासला-पानशेतच्या बाजूला ५० किलोमीटर होतात, सरासरी ताशी १८. फेब्रुवारीच्या मध्याला २०० किलोमीटरची बीआरएम आहे, म्हणजे ठरलेल्या वेळेत (कटऑफच्या आत) पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, पुण्याहून साताऱ्याकडे जाऊन परत. हातात तीन महिने आहेत. ग्रुपमधले सगळे माझ्यापेक्षा वेगात चालवतात, मग मी कटऑफच्या आत येईन का? रोड बाइक घ्यावीच लागेल का? आणि नवरा गाडी घेऊन मागे येतो म्हणतोय, ते चालेल का?

ताई, जमेल. धीर द्यायचा म्हणून नाही, आकडे मांडून सांगते.

२०० च्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. ताशी १८ ने २०० किलोमीटरला ११ तास ७ मिनिटं लागतात. म्हणजे थांबण्यासाठी २ तास २३ मिनिटं उरतात. वाटेत घाट आहेत, दुपारचं ऊन आहे, तेव्हा तुमचा वेग १७ वर येईल असं धरू. मग लागतात ११ तास ४६ मिनिटं आणि उरतात १ तास ४४ मिनिटं. तरीही तुम्ही वेळेत आहात. आता याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. तुमचा वेग १८ वरून १९ झाला तर अख्ख्या दिवसात ३५ मिनिटं वाचतात. चाळिशीत, नोकरी सांभाळून, सरासरी एक किलोमीटरने वाढवायला दोन-तीन महिने घाम गाळावा लागतो. आणि ‘जरा चहा घेऊ’ म्हणून दोन ठिकाणी टेकलात की तीच ३५ मिनिटं तिथे जातात. पहिली २०० अर्धवट सुटलेले किंवा कटऑफनंतर आलेले जे लोक मी कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी बसून पाहिले, त्यांच्यात पाय कमी पडलेले थोडे होते. बहुतेकांचा वेळ टपऱ्यांवर, हॉटेलांत आणि रस्त्याकडेला मोबाइल बघण्यात गेलेला होता.

म्हणून पहिलं काम हे करा. ॲपवर दिसणारा ‘मूव्हिंग टाइम’ बाजूला ठेवा आणि ‘इलॅप्स्ड टाइम’ बघा, म्हणजे घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा एकूण वेळ. तुमची १८ ची सरासरी यातली कुठली आहे? बहुतेक ॲप थांबलेला वेळ वजा करून सरासरी दाखवतात. खडकवासल्याच्या चौपाटीवर भुट्टा खायला थांबलेली वीस मिनिटं त्यात दिसत नाहीत. बीआरएमचं घड्याळ मात्र एकदा सुरू झालं की तुम्ही शेवटी नोंदींचं कार्ड सही करून देईपर्यंत थांबत नाही. पुढच्या रविवारपासून एकूण वेळेची सरासरी लिहून ठेवा. ती १५ च्या वर राहायला हवी, घाट धरून. तुमचं लक्ष्य एवढंच आहे.

ग्रुपबद्दल. ही स्पर्धा नाही, हे वाक्य सगळे म्हणतात आणि सुरुवातीच्या शिट्टीनंतर विसरतात. ज्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियँच्या नियमांवर जगभरच्या बीआरएम चालतात, त्या क्लबच्या वाटचालीत हाच मुद्दा आहे. १९०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये ऑडॅक्स राइड सुरू झाल्या तेव्हा सगळ्यांनी एका गटात, गटप्रमुखाच्या ठरलेल्या वेगाने चालवायचं अशी पद्धत होती. १९२१ मध्ये या क्लबने प्रत्येकाने आपापल्या वेगाने चालवायचे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या अंतराच्या नोंद होणाऱ्या राइड, सुरू केले. किमान आणि कमाल वेळेच्या आत कसंही या. म्हणून निकालात पहिला-दुसरा नसतो. आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया रँदोनर्सच्या देखरेखीखाली होणाऱ्या राइडचीही हीच रीत आहे. साडेसात तासांत आलेला आणि तेरा तास वीस मिनिटांनी आलेली, दोघांच्या नावापुढे सारखीच नोंद होते.

तेव्हा सकाळी सहाला सगळे निघाले आणि पुढचा घोळका ताशी २५ ने सुटला की त्याला जाऊ द्या. हे सांगायला सोपं आणि करायला फार अवघड आहे. सकाळी थंडी असते, पाय ताजे असतात, आणि मागे पडल्यासारखं वाटतं. पण पहिल्या ४० किलोमीटरमध्ये दम लागेपर्यंत चालवून जी वीस मिनिटं मिळतात, ती १४० किलोमीटरनंतर तासभर होऊन वसूल होतात. मापदंड साधा आहे: शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागला तर गिअर हलका करा. चढावरसुद्धा हेच. तुमच्याच वेगाचं कोणी भेटलं तर सोबत जरूर करा, आळीपाळीने पुढे राहा, वाऱ्यात त्याचा मोठा फायदा होतो. पण फक्त सायकलींच्या मागे. ट्रक-टेम्पोच्या मागे चिकटून जाणारे लोक दिसतील, त्यांच्या नादाला लागू नका.

तुमच्या यजमानांनी गाडी घेऊन मागे येणं चालणार नाही. नियम स्पष्ट आहे: रँदोनर, म्हणजे अशी राइड करणारा सायकलस्वार, स्वयंपूर्ण असावा, दोन कंट्रोलच्या मध्ये कुठलीही मदतगाडी नको. बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर घेता येते. मध्ये कुठे त्यांनी पाण्याची बाटली दिली तरी तुम्ही बाद होऊ शकता. सोबतच्या सायकलस्वाराने पंक्चर काढायला मदत केली, तुम्ही स्वतः दुकानातून काही घेतलं, गॅरेजमध्ये सायकल दुरुस्त करून घेतली, हे सगळं चालतं. आपल्याकडे गाडीचा ताफा सोबत घेऊन केलेल्या मोठ्या राइडच्या बातम्या येतात म्हणून गोंधळ होतो. अमेरिकेची ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ तशी आहे, जी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात पूर्ण केली आणि २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने. तिथे क्रू असणं हाच नियम आहे, तो प्रकारच वेगळा. तुमच्या घरच्यांनी शेवटच्या ठिकाणी गाडी घेऊन थांबावं. त्याची खरोखर गरज असते, कारण साडेतेरा तासांनंतर स्वतः गाडी किंवा स्कूटर चालवत घरी जाणं धोक्याचं आहे. डोळे मिटायला लागतात.

आता सराव. तीन महिन्यांत तुम्हाला २०० करून बघायची गरज नाही. १५० पर्यंत गेलात की पुरे. उरलेले ५० त्या दिवसाचा उत्साह आणि सोबतची माणसं करून घेतात. रविवारची लांब राइड दर आठवड्याला १०-१५ किलोमीटरने वाढवा, दोन आठवडे वाढवलं की तिसरा हलका ठेवा. ५० वरून ६०, ७०, मग परत ५५. मग ८५, १००, परत ७०. अशा चढउताराने जानेवारीच्या शेवटी १५० होतात. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत मोठं काही करायचं नाही. शेवटच्या आठवड्यात सराव करून ताकद वाढत नाही, फक्त थकवा साठतो. मधल्या वारी दोन दिवस एकेक तास पुरतो, त्यातला एक दिवस चढाचा. कात्रजचा जुना घाट सौम्य आहे, तिथून सुरुवात करा आणि डिसेंबरच्या शेवटी बोपदेव घाटाला जा. बोपदेव न थांबता, बोलण्याइतका श्वास राखून चढता आला की साताऱ्याच्या वाटेवरच्या खंबाटकी घाटाची काळजी सोडा.

लांब राइडमध्ये थांब्यांचाही सराव करायचा. ही गोष्ट कोणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो. थांबण्याआधी, सायकल चालत असतानाच मनात ठरवा: पाणी भरायचं, टॉयलेट, केळं, निघायचं. चार कामं, सात मिनिटं. खुर्ची घ्यायची नाही. चहा प्यायचा असेल तर उभ्याने प्या. ऑर्डर दिल्यावर पंधरा मिनिटं लागतील असं काही मागवू नका. हॉटेलमध्ये जे तयार आहे ते घ्या: इडली, पोहे, उपमा. बसायचं फक्त तीनदा, नाश्त्याला, जेवणाला आणि १५० ला, तेही घड्याळ लावून. मी नवीन लोकांना असा आराखडा देते: ५० च्या आसपास नाश्ता २० मिनिटं, जिथून परत फिरायचं त्या वळणाच्या कंट्रोलवर ३० मिनिटं, १५० ला २० मिनिटं, आणि अधूनमधून पाच मिनिटांचे पाच थांबे. एकूण ९५ मिनिटं. ताशी १८ राहिला तर यानंतरही ४८ मिनिटं हातात राहतात, म्हणजे दोन पंक्चर निवांत काढता येतात. १७ वर आलात तर ९ मिनिटं उरतात. तेव्हा एक थांबा कापायचा, घाबरून वेग वाढवायचा नाही.

सायकल बदलू नका. हायब्रिडवर असंख्य लोकांनी २०० केली आहे आणि ३०० सुद्धा. तीन महिन्यांवर राइड असताना नवी रोड बाइक घेतली तर कंबर, मान आणि हात त्या बसण्याला सरावेपर्यंत तारीख येते. त्याऐवजी खर्च टायरवर करा. जाड नक्षीचे टायर असतील तर २८ ते ३२ मिलिमीटरचे गुळगुळीत, चांगल्या कंपनीचे टायर बसवा, आधी मेकॅनिककडून तुमच्या रिमला बसतात का ते विचारून घ्या. चेन किती ताणली आहे ते तपासून घ्या, ब्रेक पॅड बदला, गिअरच्या वायरी जुन्या असतील तर त्याही. हे सगळं राइडच्या किमान दोन आठवडे आधी, कारण सर्व्हिसिंगनंतर काहीतरी सैल निघतंच आणि ते सरावात कळलेलं बरं.

सीटची उंची हा वेगळा विषय आहे, पण दुखण्यावरून बरंच कळतं. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागून दुखत असेल तर वर. एका वेळी पाच मिलिमीटरच हलवा आणि दोन राइड बघा. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या कडेवरची नस दबते आहे. हायब्रिडला हात ठेवायला एकच जागा असते, म्हणून हे जास्त होतं. हँडलच्या टोकांना बार-एंड लावले की हात बदलायला दुसरी जागा मिळते. स्वस्त वस्तू आहे, लांब अंतरात सोनं आहे. पॅडेड शॉर्टच्या आत दुसरं काहीही घालू नका, शिवण घासते. व्हॅसलिन किंवा क्रीम सुरुवातीलाच लावा, जळजळ सुरू झाल्यावर उपयोग नाही. त्या दिवशी अंगावर, पायात किंवा सायकलवर एकही नवी वस्तू नको.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण थांब्यांइतकंच महत्त्व त्याला आहे, किंबहुना दोन्ही एकच गोष्ट आहेत: चालता चालता खाणाऱ्याला कमी थांबावं लागतं. स्नायू आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) साठतं, म्हणजे दोन हजार कॅलरीच्या आतबाहेर. २०० किलोमीटरला त्याच्या दुप्पट लागतात. चरबीतून काही मिळतात, पण चरबी हळू जळते. साठा संपला की पाय अचानक रिकामे होतात, चिडचिड होते, डोकं चालेनासं होतं, आणि मग खाल्लं तरी सावरायला अर्धा-पाऊण तास जातो. म्हणून भूक लागायच्या आधी खायचं. पहिल्या तासापासून, दर तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एक मध्यम केळं म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास, दोन-तीन खजूर म्हणजे १५, मध्यम उकडलेला बटाटा म्हणजे पुन्हा २५ च्या आसपास. मीठ लावलेले छोटे उकडलेले बटाटे, गुळाची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, घरची गुळपोळी तुकडे करून, हे जर्सीच्या मागच्या खिशात किंवा हँडलवरच्या छोट्या पिशवीत ठेवा, म्हणजे थांबावं लागत नाही. महागडी जेल लागतातच असं नाही. घेणार असाल तर सरावात घेऊन बघा, काहींच्या पोटाला ती अजिबात मानवत नाहीत.

दर वीस मिनिटांनी घड्याळाचा हलका गजर लावा आणि तो वाजला की काहीतरी तोंडात टाका. दुपारी बारानंतर गोड नकोसं होतं, हमखास होतं. त्यासाठी खारट काहीतरी हवंच. वळणाच्या कंट्रोलवर दहीभात मिळाला तर त्याच्यासारखं जेवण नाही: पोटाला हलका, मीठ आणि पाणी दोन्ही मिळतं. सातारा रस्त्यावर मिसळ आणि वडापावचे फलक दर थोड्या अंतरावर बोलावतात. परतल्यावर, दुसऱ्या दिवशी खा. तिखट तर्री आणि तेलकट पदार्थ पोटात घेऊन खंबाटकी किंवा उन्हातला उलटा वारा, दोन्ही वाईट.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात थोडं जास्त. नुसतं पाणी नको. घामातून मीठ जातं आणि वरून फक्त साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. ओआरएस घ्या, पण औषधाच्या दुकानातलं, पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेलं. लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच घाला. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करून प्यायलं तर पोट बिघडतं. लिंबूसरबत मीठ-साखर घालून, ताक, उसाचा रस, सगळं चालतं. नारळपाणी छान, पण त्यात सोडियम कमी असतं, म्हणून सोबत मीठ लावलेलं काही खा. आणि दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका. अंगात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. टॉयलेट कुठे मिळेल या काळजीने आपण पाणीच कमी पितो. मी हे अनेक मैत्रिणींमध्ये पाहिलं आहे, चांगल्या तयारीच्या मैत्रिणींमध्येसुद्धा. १२० किलोमीटरनंतर डोकं दुखायला लागतं आणि कारण ऊन समजलं जातं. या रस्त्यावर पेट्रोल पंप आणि मोठी हॉटेलं भरपूर आहेत. आदल्या आठवड्यात गाडीने जाऊन किंवा नकाशावर बघून दर २५-३० किलोमीटरला एक अशी स्वच्छ ठिकाणं हेरून ठेवा आणि पोटभर पाणी प्या. बिबऐवजी (खांद्यावर पट्टे असलेल्या शॉर्टऐवजी) साधी पॅडेड शॉर्ट घाला, टॉयलेटमध्ये पाच मिनिटं वाचतात. पाळीची तारीख त्याच दिवसांत येत असेल तर सरावातल्या एखाद्या लांब राइडला त्या दिवसांत जाऊन बघा, काय वापरलं की घासत नाही ते कळेल. पाळी पुढे ढकलायची गोळी या राइडसाठी पहिल्यांदाच आणि डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

रस्ता. सहाला सुरुवात असेल तर फेब्रुवारीच्या मध्याला पहिला तासभर अंधार-उजेडाचा असतो आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. कटऑफ साडेसातला. म्हणजे तुमच्यासाठी शेवटचा तास अंधाराचा. पुढचा आणि मागचा दिवा सायकलला पक्का बसवलेला हवा, अंगावर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट हवं, हेल्मेट तर हवंच. सुरुवातीला हे तपासतात आणि नसेल तर सोडत नाहीत. मागचे दिवे दोन लावा, एक बंद पडला तरी तुम्हाला समजत नाही. संध्याकाळच्या अंधारात मला ट्रकपेक्षा उसाच्या ट्रॉल्यांची जास्त काळजी वाटते. फेब्रुवारीत गाळप हंगाम चालू असतो, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, कधी उलट्या बाजूने येणाऱ्या. पुढचा दिवा रस्ता दाखवण्याइतका जोरदार हवा, नुसता लुकलुकणारा नको.

शिरवळपर्यंत रस्ता हलका चढउताराचा आहे आणि तिथे नाश्त्याची वेळ होते. शिरवळच्या आधी नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो, शिरवळनंतर खंडाळा, आणि समोर खंबाटकी. घाटात ट्रक रांगेत रांगत असतात, डावी कड सोडू नका, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर रस्ता चांगला असेल तिथे बाहेरूनच चाला. सगळ्यात हलका गिअर घाट सुरू व्हायच्या आधी टाका. चढावर जोर देऊन बदलायला गेलं की चेन पडते. उतरून ढकलत गेलात तरी काही बिघडत नाही, नियमात त्याला मनाई नाही. वर पोचल्यावर फोटोसाठी दहा मिनिटं जातात. एक फोटो काढा आणि निघा. पुढे सुरूर, भुईंज, कृष्णेचा पूल, मग आनेवाडीचा टोलनाका.

१०० किलोमीटरवरचा कंट्रोल सुरुवातीपासून ६ तास ४० मिनिटांनी बंद होतो, म्हणजे सहाच्या सुरुवातीला १२ वाजून ४० मिनिटांनी. ताशी १८ आणि ४० मिनिटांचे थांबे धरले तर तुम्ही तिथे सव्वाबाराच्या आत असता. हा आकडा मनात ठेवा, पण तिथे पोचल्यावर शिल्लक वेळ बघून सैलावू नका. अर्धं अंतर झालं तरी अर्धं काम झालेलं नसतं. परतीला ऊन डोक्यावर असतं, पारा तिशीच्या वर जातो, दुपारनंतर वारा सुटतो. राइड खरी सुरू होते ती इथे, १२० ते १६० च्या मध्ये. बहुतेकांना सोडून द्यावंसं वाटतं ते याच पट्ट्यात. त्या वेळी काही ठरवू नका. काहीतरी खारट खा, पाणी प्या, डोक्यावर आणि मानेवर पाणी ओता, आणि पुढच्या दहा किलोमीटरपुरतं बघा. तासाभराने पाय परत येतात, आणि ते परत येतात याची खात्री पहिल्यांदा इथेच पटते.

परतीला खंबाटकीच्या बोगद्याआधी थांबून गॉगल काढा, दोन्ही दिवे लावा, मगच आत जा. आणि शेवटचा मुद्दा रस्त्याबद्दल: खेड शिवापूरनंतरचा चढ थकल्यावर लांबतो, पण त्याहून जास्त लक्ष त्यानंतरच्या उताराकडे हवं. मार्ग नवीन कात्रज बोगद्यातून असेल तर तिथून नवले पुलापर्यंतचा उतार अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तुम्ही त्या उतारावर अंधारात, दमलेल्या हातांनी असाल. वेग वीसच्या आत ठेवा, दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबा, सर्व्हिस रोड मिळेल तिथे तो घ्या. आयोजकांनी जुन्या घाटाचा मार्ग दिला असेल तर तो घ्या, क्यू शीटमध्ये (मार्ग लिहिलेल्या कागदात) असेल तोच. मार्ग सोडला तर जिथून सोडला तिथेच परत येऊन पुढे जावं लागतं.

पंक्चर घरी बसून काढायला शिका, मागच्या चाकाचं, घड्याळ लावून. पंधरा मिनिटांत यायला हवं. दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप, पॅच, मल्टिटूल आणि चेनची क्विक लिंक एवढं सोबत हवं. हायवेवर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या बारीक तारांचे तुकडे कडेला पडलेले असतात आणि निम्म्याहून जास्त पंक्चर मला त्यांचीच दिसली आहेत. ही तार केसाएवढी असते. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा आणि तार सापडेपर्यंत फिरवा. नाहीतर दोन किलोमीटरवर दुसरी ट्यूब जाते. ती काढायला भुवयांचा छोटा चिमटा फार उपयोगी पडतो, माझ्या पिशवीत कायम असतो.

सोडायचं कधी? छातीत दुखलं, चक्कर आली, घाम यायचा थांबून अंग तापलं, किंवा गुडघ्याचं दुखणं दर पायडलला वाढत चाललं तर लगेच. सावलीत बसा आणि आयोजकांना फोन करा. न सांगता घरी निघून जाऊ नका, रात्री स्वयंसेवक रस्त्यावर शोधत फिरतात. उशीर झाला, कटऑफ हुकणार असं वाटलं, तर ते सोडण्याचं कारण नव्हे. एका कंट्रोलला पाच-दहा मिनिटं उशीर झाला आणि कारण पंक्चर किंवा अपघातात मदत करणं असं असेल तर आयोजकांशी बोला, तो निर्णय त्यांचा.

ब्रेव्हे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पुढच्या खिशात. घामाने भिजून शिक्के पुसले जातात. प्रत्येक कंट्रोलवर शिक्का, सही आणि वेळ तीनही आहेत का ते निघण्याआधी वाचा. माणूस नसलेल्या कंट्रोलवर एटीएमची पावती किंवा हॉटेलचं बिल मागितलं असेल तर त्यावर वेळ छापली आहे का ते बघा आणि लगेच मोबाइलवर फोटो काढा. शेवटी कार्डावर स्वतःची सही करून मगच ते द्या. त्यानंतर कार्ड तपासणीला जातं आणि पॅरिसहून क्रमांक यायला काही महिने लागतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी यादीत नाव नाही म्हणून घाबरू नका. पदक हवं असेल तर वेगळे पैसे भरून मागवावं लागतं. आणि ३०० चा विचार डोक्यात आला, तर एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० झाल्या की सुपर रँदोनर होता येतं. हंगाम नोव्हेंबरपासून ऑक्टोबरपर्यंत धरतात, म्हणजे फेब्रुवारीच्या २०० नंतर तुमच्याकडे आठ महिने असतील. त्यातले पावसाळ्याचे सोडले तरी पुरेसे.